बारा व्होल्टची गोष्ट

शाळेत तीस वर्षं मी इतिहास शिकवला. विजेच्या दिव्याचा विषय निघाला की फळ्यावर एडिसनचं नाव लिहायचं, त्याच्या चिकाटीची गोष्ट सांगायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचं, हा माझा शिरस्ता. ती गोष्ट अर्धीच होती, हे मला निवृत्तीनंतर कळलं. आणि कळलं तेही स्वतःच्या घरात, घडीच्या शिडीवर उभं राहून, छताच्या भोकात मान घालून.

आमचं घर ठाण्याला. २००४ साली आम्ही हॉलला फॉल्स सीलिंग करून घेतलं. त्या वेळी तशी टूमच होती. पीओपीच्या छतात सहा गोल भोकं आणि प्रत्येक भोकात एक छोटा हॅलोजन दिवा, बारा व्होल्टचा, पन्नास वॅटचा. तीन-तीन दिव्यांच्या दोन ओळी आणि प्रत्येक ओळीसाठी छतात लपवलेला एक ट्रान्सफॉर्मर. घरातल्या वायरीत २३० व्होल्ट असतात, त्याचे हा डबा बारा करतो, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. ‘‘बाराच व्होल्ट आहेत ताई, हात लागला तरी शॉक नाही,’’ असं काम करणाऱ्यानं सांगितलं होतं आणि मी निर्धास्त झाले होते.

त्यातल्या एका दिव्याखाली माझ्या वडिलांची, अण्णांची खुर्ची. अण्णा आता सत्त्याऐंशीचे आहेत. गिरणगावातल्या एका कापडगिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात त्यांनी पंचवीस वर्षं काढली. १९८२च्या संपानंतर ती नोकरी गेली. पेपर वाचायची सवय मात्र कायम राहिली. सकाळी मथळे आणि संध्याकाळी त्या दिव्याखाली बसून अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळचा पेपर घडी न मोडता तसाच पडलेला असतो. अण्णा खुर्चीत बसतात, पण डोळे मिटून. मला वाटलं, झालं, दृष्टी गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, या वयाच्या मानानं उत्तम आहेत. मग वाटलं, मनच लागत नसेल. म्हातारपणी माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, तसं काहीतरी. त्या विचारानं मला दोन रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णा बाथरूमला गेले असताना मी सहज त्यांच्या खुर्चीत टेकले आणि पेपर उघडला. अक्षरं थरथरत होती. वर पाहिलं तर दिवा लुकलुकत होता. दुरून कळणार नाही इतका बारीक, पण वाचणाऱ्याला दोन मिनिटांत डोकं उठवणारा.

‘‘अण्णा, सांगितलं का नाहीत तुम्ही?’’

‘‘तुला वाटलं असतं, म्हाताऱ्याची कुरकूर,’’ ते म्हणाले.

आता इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आमच्या हॅलोजनपैकी जो बल्ब जाईल, त्याच्या जागी मी गेली काही वर्षं त्याच आकाराचा पाच वॅटचा एलईडी आणून बसवत होते. अण्णांच्या ओळीत दोन एलईडी झाले होते. तिसरा, त्यांच्या डोक्यावरचा, मात्र जुनाच हॅलोजन होता. त्यांना तो पिवळसर उजेड आवडायचा. लुकलुकतो आहे म्हणजे बल्बच गेला असणार, असं समजून मी तिथेही एलईडी लावला. आणि काय झालं? एकाऐवजी ओळीतले तिन्ही दिवे उघडझाप करू लागले.

वायरमनला बोलावलं. त्यानं खालूनच पाहिलं आणि निदान केलं, ‘‘ताई, हे सीलिंगच पाडा आता. नवे पॅनेल लाइट बसवून देतो.’’ खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प झाले. अण्णा खुर्चीतून म्हणाले, ‘‘आधी मला सांगा, वास कसला येतोय?’’

आम्हा दोघांनाही वास येत नव्हता. अण्णांना येत होता. ‘‘बेकेलाइट भाजल्याचा वास आहे हा. दिवा कसला बघताय? जॉइंट बघा.’’

एमसीबी पाडली. वायरमननं टेस्टर लावून खात्री केली. असे दिवे दोन स्प्रिंगच्या चिमट्यांवर छतात अडकवलेले असतात. हलक्या हातानं खाली ओढले की वायरीसकट बाहेर येतात. अण्णांच्या डोक्यावरचा दिवा बाहेर आला आणि मी बघतच राहिले. बल्बच्या दोन काड्या ज्यात बसतात, तो चिनी मातीचा होल्डर काळा पडला होता. वायरीचं आवरण वाळक्या शेंगेसारखं कडक झालेलं, हात लावताच तुकडे पडत होते. मागे तिन्ही दिव्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात, तो प्लॅस्टिकचा कनेक्टर एका बाजूनं वितळून बसला होता. आणि त्याच्या शेजारच्या लाकडी पट्टीवर रुपयाएवढा करपट डाग होता.

बारा व्होल्ट. हात लागला तरी शॉक नाही.

अण्णांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर मला गणित मांडून दाखवलं. ते अगदी सोपं आहे, तुम्हीही करून पाहा. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे वायरीतून वाहणारा प्रवाह. पन्नास वॅटचा दिवा २३० व्होल्टवर लावला, तर प्रवाह लागतो जेमतेम पाव अँपिअर. तोच दिवा बारा व्होल्टवर लावला, तर चार अँपिअरहून अधिक. जवळजवळ एकोणीसपट. आमच्या एका ट्रान्सफॉर्मरवर असे तीन दिवे होते, म्हणजे त्या चिमुकल्या कनेक्टरमधून वर्षानुवर्षं साडेबारा अँपिअर वाहत होते. बाथरूममधल्या तीन किलोवॉटच्या गिझरला साधारण एवढाच प्रवाह लागतो, पण त्याची वायर केवढी जाड असते!

खरी मेख पुढेच आहे. जोडाचा स्क्रू किंचित ढिला असला, की तिथे विजेला अडथळा होतो आणि तो जोड तापतो. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह एकोणीसपट, तर तेवढ्याच ढिल्या जोडातली उष्णता साडेतीनशेपटीहून जास्त. तापून जोड आणखी ढिला होतो, म्हणून आणखी तापतो. कमी दाबाच्या विजेचा झटका बसत नाही हे खरं, पण आग लावायला ती पुरेशी असते.

अण्णांचं गणित बघताना मला एकदम वर्गातला फळा आठवला. कारण नेमक्या याच गणितापाशी एडिसन अडला होता.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, पर्ल स्ट्रीटवर, एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. वीज होती एकाच दिशेनं वाहणारी, म्हणजे डीसी, आणि दाब साधारण ११० व्होल्ट. एडिसनला हे गणित पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं दिव्यासाठी बारीक, जास्त रोधाची तार शोधली. जाड तारेचा दिवा जास्त प्रवाह ओढतो आणि मग रस्त्याखाली घालायच्या तांब्याचा खर्च परवडत नाही. पण ११० व्होल्टवरही प्रवाह एवढा होता, की केंद्रापासून मैलभराच्या पलीकडे जाईपर्यंत दिवे मंद व्हायचे. म्हणजे शहर उजळायचं, तर दर मैलावर एक वीजकेंद्र, एक इंजिन, एक धुराडं.

आपल्या मुंबईतही त्याच १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. पण ते लावणारी कंपनी वर्षभरात बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळलं. दिवा होता, लोकांना हौसही होती. परवडेल अशा रीतीनं वीज लांबवर नेण्याची युक्ती अजून यायची होती.

त्या युक्तीचं मूळ जुनं. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं एका लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातली वीज सुरू किंवा बंद केली, की त्याला न जोडलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज उमटायची. वीज सतत दिशा बदलत राहिली, म्हणजे एसी असली, तर ती दुसऱ्या वेटोळ्यात सतत उमटत राहते. आणि दोन्ही वेटोळ्यांतल्या वेढ्यांची संख्या कमी-जास्त ठेवली, तर विजेचा दाब हवा तसा चढवता किंवा उतरवता येतो.

हे व्यवहारात आणायला पन्नास वर्षं गेली. फ्रान्सचा ल्युसिएँ गोलार आणि इंग्लंडचा जॉन गिब्ज यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभी तशी यंत्रं करून दाखवली. पण त्यांनी ती एकापुढे एक अशी माळेसारखी जोडली होती, त्यामुळे एका घरातला दिवा मालवला की दुसऱ्या घरातल्या दिव्यावर परिणाम व्हायचा. १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या तिघांनी हा दोष काढला. कारोय झिपरनोव्स्की, मिक्षा देरी आणि ओट्टो ब्लाथी ही त्यांची नावं. त्यांनी लोखंडाचा गाभा पूर्ण बंद केला आणि प्रत्येक यंत्र मुख्य तारांवर स्वतंत्रपणे, समांतर जोडलं. एक दिवा गेला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही, हा आपला आजचा रोजचा अनुभव तिथून सुरू होतो. ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्दही ब्लाथीचाच. पुढच्याच वर्षी, मार्च १८८६मध्ये, अमेरिकेतल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावात विल्यम स्टॅन्लीनं पाचशे व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरनं शंभरावर उतरवून रस्त्यावरची दुकानं उजळली.

आता सूत्र हाती आलं होतं. लांब न्यायची तेव्हा दाब चढवायचा, म्हणजे प्रवाह कमी, तार बारीक, उष्णता कमी. घराजवळ आली की दाब उतरवायचा.

हे सूत्र आपल्या दारात फार मोठ्या प्रमाणावर आलं ते १९१५ साली. लोणावळ्याच्या बाजूला धरणांत साठवलेलं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी वीज तयार केली आणि सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबानं ती सत्तर किलोमीटरांच्या आसपास अंतर तोडून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत नेली. एडिसनला जे मैलभर जमत नव्हतं, ते घाटातून, खाडीवरून, शहरापर्यंत झालं. गिरण्यांची वाफेची इंजिनं हळूहळू मागे पडली. अण्णा ज्या खात्यात पुढे कामाला लागले, ते खातं या विजेमुळेच निर्माण झालं होतं. म्हणजे आमच्या घरात दोन वेळची भाकरी आली, तीही एका अर्थी ट्रान्सफॉर्मरच्याच कृपेनं! आणि मी मात्र तीस वर्षं फळ्यावर एकट्या एडिसनचं नाव लिहीत होते.

मग तुम्ही विचाराल, एवढं सगळं होऊन आपण पुन्हा बारा व्होल्टवर का आलो? त्याचं कारण हॅलोजन दिव्यात आहे. साध्या बल्बची टंगस्टनची तार तापून झिजते आणि काच आतून काळी पडते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एल्मर फ्रिड्रिच आणि एमेट वायली यांनी १९५०च्या दशकात बल्बमध्ये थोडं आयोडीन घालून पाहिलं. उडालेलं टंगस्टन आयोडीनशी संयोग पावून पुन्हा तारेकडेच परततं. त्याचं पेटंट १९५९चं. पण हे चक्र चालायचं तर बल्बची भिंत अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेली हवी, म्हणून बल्ब अगदी लहान आणि क्वार्ट्झचा करावा लागतो. दाब कमी ठेवला तर तार आखूड आणि जाड चालते, ती टिकते आणि उजेडाचा झोत नेमका पडतो. आरशाच्या वाटीतला हा छोटा दिवा आधी स्लाइड दाखवण्याच्या प्रोजेक्टरमध्ये वापरला गेला. मग दुकानांत, आणि तिथून आपल्या हॉलमध्ये.

प्रोजेक्टरमध्ये वारा घालायला पंखा असतो. आमच्या छतात नव्हता. शिवाय त्या आरशाच्या वाटीची रचना अशी, की उजेड पुढे येतो आणि बरीचशी उष्णता काचेतून मागे निघून जाते. स्लाइड जळू नये म्हणून ती सोय. आमच्याकडे ‘मागे’ म्हणजे पीओपी, लाकडी पट्टी आणि वीस वर्षांची धूळ.

आता राहिलं ते तिन्ही दिवे एकदम उघडझाप का करू लागले हे कोडं. त्याचं उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावरच छापलेलं होतं: भार ५० ते १५० वॅट. हा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. आकार लहान राहावा म्हणून तो वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मग उतरवतो, आणि त्याला चालू राहायला किमान भार लागतो. एक हॅलोजन आणि दोन एलईडी मिळून साठ वॅट होत होते, तोवर गाडी चालली. शेवटचा हॅलोजन मी काढला, भार पंधरा वॅटवर आला, आणि ट्रान्सफॉर्मर सुरू होऊन लगेच बंद पडू लागला. अण्णांचा तो जुना पिवळा दिवा इतकी वर्षं शेजारच्या दोघांनाही सांभाळत होता!

म्हणजे दोष दोन होते. आधीचा बारीक लुकलुकाट जळक्या जोडाचा. नंतरची उघडझाप अपुऱ्या भाराची. बल्ब दोन्ही वेळा निर्दोष होता आणि दोन्ही वेळा मी बल्बच बदलला.

दुरुस्ती तशी छोटीच. वायरमननं जळक्या वायरी चांगलं तांबं दिसेपर्यंत मागे कापल्या, तिन्ही होल्डर नवे लावले, वितळलेला कनेक्टर काढून जाड स्क्रूचा बसवला. ट्रान्सफॉर्मरच्या जागी एलईडीसाठीचा बारा व्होल्ट डीसीचा, तीस वॅटचा ड्रायव्हर लावला. पंधरा वॅटच्या दिव्यांना तो निम्म्या ताकदीवर चालतो. आता कनेक्टरमधून साडेबाराऐवजी सव्वा अँपिअर जातो. दुसऱ्या ओळीचंही त्याच दिवशी उरकलं. तुमच्या घरी असे दिवे असतील, तर एवढंच करा: मेन बंद करून एक दिवा खाली ओढा आणि मागचा होल्डर बघा. काळा दिसला, की जाणत्या वायरमनला बोलवा. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या बाजूला पूर्ण २३० व्होल्ट असतात, तिथे स्वतः हात घालू नका.

काढलेला जुना ट्रान्सफॉर्मर अण्णांनी टाकू दिला नाही. टेबलावर पेपर पसरून त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हरनं उघडला. आत, इतर बारीकसारीक भागांच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढं एक काळं कडं होतं आणि त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. फॅरडेच्या त्या कड्याचं चित्र मी पुस्तकांत कितीदा पाहिलं असेल. त्याचा पणतू वीस वर्षं माझ्या डोक्यावर बसला होता, हे मात्र ठाऊक नव्हतं.

एक गंमत सांगते आणि थांबते. मॅनहॅटनमध्ये एडिसनच्या पद्धतीचा डीसी पुरवठा अगदी अलीकडपर्यंत, नोव्हेंबर २००७पर्यंत, काही जुन्या इमारतींना चालू होता. तो बंद झाला तेव्हा एडिसनची हार पूर्ण झाली असं वाटलं असेल. पण एलईडी हा मुळात डीसीवर चालणारा दिवा. खोपोलीच्या पद्धतीनं लांबून आलेली एसी वीज आमच्या छतात पोचते, तिथे तिचा दाब उतरतो, डीसी होते आणि मग अण्णांचा पेपर उजळतो. एडिसन आणि बुडापेस्टचे ते तिघं आता एकाच डब्यात नांदतात.

काम झालं त्या संध्याकाळी वायरमन निघाला, तर अण्णांनी त्याला थांबवलं. मला देवघरातली मेणबत्ती आणायला सांगितली. गिरणीत म्हणे जोड तपासायची त्यांची हीच पद्धत होती. कनेक्टरच्या अंगावर बाहेरून मेणाचा एक थेंब लावला, दिवे लावले आणि तासभर आम्ही तिघं चहा पीत बसलो. मग मेन बंद केली, दिवा खाली ओढला.

मेण जसंच्या तसं होतं. ‘‘आता वर ढकला,’’ अण्णा म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)